डीम लाईटवर हिटर गार, मग मोटार का जळते? : विभवांतर आणि धारेवरून रोध व शक्ती काढताना



आठवीचा धाराविद्युतचा पाठ संपला होता. नववीची थोडी ओळख व्हावी म्हणून मी ओहमचा नियम फळ्यावर मांडला. रोध तोच ठेवला आणि विभवांतर कमी केलं तर धाराही त्याच प्रमाणात कमी होते. दोन उदाहरणं सोडवून घेतली, मुलांची उत्तरं बरोबर आली. मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, व्होल्टेज कमी झालं की करंट बी कमी होतो म्हणताव. मग आमची मोटार डीम लाईटवरच का जळती?"

वर्ग शांत झाला, कारण प्रश्न सगळ्यांच्या घरचा होता. आपल्या बीड जिल्ह्यात मोटार जळणं म्हणजे फक्त वायंडिंगचा खर्च नाही. उभं पीक चार दिवस पाण्यावाचून राहतं. खरं सांगते, त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या सांगते" म्हणाले आणि शोधायला लागले. त्या शोधातून तयार झालेला पाठ आज तुमच्यासमोर ठेवते. सूत्रं सोपीच आहेत. ती कुठे लावायची आणि कुठे जपून, हे शिकवणं राहून जातं.

आधी चार राशी पक्क्या करू

आपल्या मुलांना पाण्याची टाकी आणि पाईप लगेच कळतो, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

१) विभवांतर : आपण बोलताना व्होल्टेज म्हणतो ते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. एकक व्होल्ट.

२) विद्युतधारा : म्हणजे करंट. पाईपमधून दर सेकंदाला किती पाणी जातं तसं. एकक अँपिअर.

३) रोध : पाईप अरुंद आणि लांब असेल तर पाणी अडतं, तसा वाहकाचा विरोध. एकक ओहम.

४) विद्युत शक्ती : दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली जाते ते. एकक वॅट.

यातल्या पहिल्या दोन राशी मीटरने मोजता येतात. त्यावरून पुढच्या दोन काढता येतात.

रोध = विभवांतर ÷ धारा
शक्ती = विभवांतर × धारा

एका भागाकारातून रोध मिळतो आणि एका गुणाकारातून शक्ती. ही दोन सूत्रं एकत्र केली की आणखी दोन मिळतात.

शक्ती = धारा × धारा × रोध
शक्ती = विभवांतर × विभवांतर ÷ रोध

मुलांना ही चार सूत्रं वेगवेगळी पाठ करायला लावू नका. पहिल्या दोनांवरून उरलेली दोन त्यांनाच काढू द्या. पाच मिनिटं जास्त लागतात, पण मग विसरत नाहीत.

नियम शोधणारा माणूसही शिक्षकच होता

हे मुलांना जरूर सांगा. जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावात झाला. ते कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून ते धारा मोजत बसायचे. १८२७ साली त्यांनी आपलं काम पुस्तकरूपाने छापलं. सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही आणि त्यांनी कोलोनची नोकरीही सोडली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं.

ओहमच्या नियमाला एक अट आहे. वाहकाचं तापमान आणि त्याची भौतिक अवस्था बदलता कामा नये. आपण ही अट वाचून दाखवतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं होतं. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची वाट इथूनच जात होती.

वर्गातला प्रयोग (फक्त सेलवर)

साहित्य : दीड व्होल्टचे तीन सेल, १०० ओहमचा एक रोधक (त्यावर तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे असतात), वायरचे तुकडे आणि एक साधा मल्टिमीटर.

आधी एक सेल जोडा, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी रोधकाच्या दोन टोकांवरचं विभवांतर आणि त्यातून जाणारी धारा मोजा. आकडे साधारण असे येतील :

१ सेल : १.५ व्होल्ट, १५ मिलिअँपिअर
२ सेल : ३.० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर
३ सेल : ४.५ व्होल्ट, ४५ मिलिअँपिअर

सेल नवे असले तर विभवांतर थोडं जास्त येतं. त्याची काळजी करू नका, आलेलाच आकडा लिहायला लावा.

आता रोध काढायचा. इथे निम्मा वर्ग चुकतो. मुलं ४.५ ला सरळ ४५ ने भागतात आणि ०.१ ओहम लिहून मोकळी होतात. मिलिअँपिअरचे अँपिअर करायला १००० ने भागावं लागतं. ४५ मिलिअँपिअर म्हणजे ०.०४५ अँपिअर. ४.५ ÷ ०.०४५ = १०० ओहम. तिन्ही वेळा उत्तर १०० च येतं. रोध बदलला नाही, हे मुलांनी स्वतः पाहिलं.

मग शक्ती काढा.

१.५ × ०.०१५ = ०.०२२५ वॅट
३.० × ०.०३० = ०.०९ वॅट
४.५ × ०.०४५ = ०.२०२५ वॅट

मुलांना विचारा, विभवांतर दुप्पट झालं तर शक्ती किती पट झाली? चौपट. तिप्पट झालं तर? नऊपट. विभवांतर वाढलं की धाराही वाढते आणि शक्ती म्हणजे त्या दोघांचा गुणाकार, म्हणून परिणाम वर्गाने होतो. हे पक्कं करून घ्या. पुढचा सगळा पाठ यावरच उभा आहे.

मीटर वापरताना एक लक्षात ठेवा. विभवांतर मोजताना मीटर समांतर जोडायचा आणि धारा मोजताना मंडल तोडून मध्ये एकसर जोडायचा. धारा मोजण्याच्या खाचेत वायर ठेवून मीटर थेट सेलला लावला की त्याचा फ्यूज उडतो. आमच्या शाळेत एकदा उडाला आहे!

घरातलं उदाहरण : पाणी तापवायचा रॉड

थंडीत घरोघरी बादलीत रॉड पडतो. त्यावर लिहिलेलं असतं, १००० वॅट, २३० व्होल्ट. या दोन आकड्यांतून बाकीचं सगळं काढता येतं.

धारा = १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर
रोध = २३० × २३० ÷ १००० = ५२.९ ओहम

आता समजा सकाळी लाईट डीम आहे आणि घरात १८० व्होल्टच येतात. रॉडची तार तीच, म्हणून रोध जवळपास ५२.९ ओहमच राहणार.

धारा = १८० ÷ ५२.९ = ३.४ अँपिअर
शक्ती = १८० × ३.४ = ६१२ वॅट

म्हणजे रॉडवर १००० लिहिलं असलं तरी तो त्या वेळी ६१२ वॅटचाच रॉड आहे. व्होल्टेज पाव हिश्श्याहून कमी घटलं, पण शक्ती जवळजवळ ४० टक्के घटली. वर्गाचा परिणाम हाच.

पालकांसाठी पुढचा हिशेब. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे १२६० किलोज्यूल उष्णता लागते. १००० वॅटचा रॉड ती २१ मिनिटांत देतो. ६१२ वॅटच्या रॉडला त्यासाठी ३४ मिनिटं लागतात. मग डीम लाईटवर बिल कमी येतं का? नाही. १००० वॅट एक तास वापरले की एक युनिट होतं. दोन्ही वेळा ऊर्जा तेवढीच लागली, सुमारे ०.३५ युनिट. उलट जास्त वेळ लागल्याने बादली मध्येच थंड होत राहते आणि युनिट किंचित जास्तच पडतं.

तीन वस्तू, एक मल्टिमीटर

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी तालुक्याच्या गावी मोटार वायंडिंगच्या दुकानात गेले. तिथले मिस्त्री म्हणाले, "ताई, मोटार व्होल्टेजनं नाही, करंटनं जळती." त्यांच्या बोलण्यातून पुढची कृती सुचली. यात कुठेही लाईट जोडायची नाही. वस्तू प्लगमधून काढलेली, थंड आणि कोरडी असली पाहिजे.

पहिली वस्तू, रॉड. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. पन्नासच्या आसपास येतो. गणिताने ५२.९ आला होता. जुळलं! रॉडमधली तार नायक्रोमची असते. ती तापून लाल झाली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही.

दुसरी वस्तू, जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब. गणित सांगतं, २३० × २३० ÷ ६० = सुमारे ८८२ ओहम. पण मीटर दाखवतो साठ-सत्तरच्या आसपास. मुलं म्हणतात, मीटर बिघडला. मीटर बिघडलेला नाही. आपण थंड तार मोजतोय. पेटलेल्या बल्बमध्ये टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तिचा रोध दहा-पंधरा पट होतो. ओहमच्या नियमातली तापमानाची अट इथे डोळ्यांना दिसते.

तिसरी वस्तू, मोटार. ही मुलांनी मोजायची नाही. मिस्त्रींनी एक एचपी सिंगल फेज मोटारीचं मुख्य वायंडिंग मला मोजून दाखवलं. चार-पाच ओहम! नियम जसाच्या तसा लावला तर २३० ÷ ४.५ म्हणजे ५१ अँपिअर धारा वाहायला हवी. प्रत्यक्षात चालत्या मोटारीत ती साधारण सहा-साडेसहा अँपिअरच असते. मग बाकीचा करंट अडवला कुणी?

मोटारीचं उत्तर

मोटार म्हणजे नुसती गुंडाळलेली तार नाही. ती फिरायला लागली की तिच्या वायंडिंगमध्ये चुंबकीय परिणामामुळे उलट दिशेचं विभवांतर तयार होतं. ते बाहेरून येणाऱ्या विभवांतराला विरोध करतं आणि धारा आटोक्यात राहते. म्हणून चालत्या मोटारीचं व्होल्टेज भागिले करंट केलं तर जे उत्तर येतं, तो तारेचा रोध नसतो.

आता लाईट डीम झाली की काय होतं ते बघा. विहिरीची खोली तेवढीच आहे. पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं आहे. मोटारीची गती थोडीशीच कमी होते, म्हणजे तिला लागणारी शक्ती जवळपास तेवढीच राहते. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. गुणाकार तेवढाच ठेवायचा आणि विभवांतर घटलं, तर धारा वाढलीच पाहिजे.

ढोबळ हिशेब मांडू. २३० व्होल्टला ६.५ अँपिअर. १८० व्होल्टला ६.५ × २३० ÷ १८० = सुमारे ८.३ अँपिअर.

वायंडिंगच्या तारेत होणारी उष्णता मात्र धारेच्या वर्गावर ठरते. (८.३ ÷ ६.५) चा वर्ग म्हणजे सुमारे १.६३. त्याच १८० व्होल्टवर रॉडची उष्णता ०.६१ पट झाली होती आणि मोटारीच्या वायंडिंगची १.६३ पट. एक वस्तू गार पडते आणि दुसरी जळते.

दुसरं कारण याहून वाईट आहे. मोटार सुरू होताना ती जो जोर लावू शकते तो विभवांतराच्या वर्गाने कमी होतो. १८० व्होल्टवर तो ६१ टक्केच उरतो. पंप जड असला तर मोटार फिरतच नाही, नुसती घुमते. फिरत नाही म्हणजे उलट विभवांतरही तयार होत नाही, आणि धारा नेहमीच्या पाच-सहा पट जाते. उष्णता पाचचा वर्ग पंचवीस ते सहाचा वर्ग छत्तीस पट! वायंडिंगचं वार्निश जळायला मग वेळ लागत नाही. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला की अशीच गत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे नियम खोटा नव्हता, मोटार तारेसारखी नव्हती." मला जे दोन तास लागले ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

शिक्षकांसाठी एक टीप. मोटारीच्या बाबतीत व्होल्ट × अँपिअर केलं की येणारं उत्तर खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतं, कारण तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो. प्राथमिकच्या मुलांना ते सांगायची गरज नाही. पण मोटारीचे वॅट असे काढून उत्तर बरोबर म्हणून देऊही नका. सरळ गुणाकाराची उदाहरणं रॉड, इस्त्री, सेलवरचा बल्ब यांचीच द्या.

मग व्होल्टेज कमी होतंच का?

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला. परळीला एवढं मोठं औष्णिक केंद्र, मग आपल्याच जिल्ह्यात लाईट डीम का?

परळीचा नवा एकेक संच २५० मेगावॅटचा आहे. तिथली वीज थेट आपल्या गावाला येत नाही, ती राज्याच्या जाळ्यात जाते. २०१३ च्या दुष्काळात खडका धरणात पाणी नव्हतं म्हणून केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हाही आपले दिवे त्याच जाळ्यावर लागत होते. आपल्या विहिरीवर किती व्होल्ट पोचतात हे बरंचसं डीपीपासून मोटारीपर्यंतच्या तारेवर आणि त्या तारेवर किती मोटारी आहेत यावर ठरतं.

हाही हिशेब त्याच सूत्राचा आहे. १०० केव्हीएच्या डीपीत ११,००० व्होल्टच्या बाजूला तीन फेजच्या हिशेबाने सुमारे ५ अँपिअर धारा असते. ४३३ व्होल्टच्या बाजूला तीच १३३ अँपिअर होते. व्होल्टेज जास्त तर करंट कमी आणि तारेत वाया जाणारी उष्णता त्याहून कमी. म्हणून लांबचा प्रवास जास्त दाबाच्या तारेतून करतात आणि डीपीच्या पुढची तार जितकी लांब, तितकं नुकसान वाढतं.

शेतातलं उदाहरण घ्या. घरापासून १०० मीटरवर सिंगल फेज मोटार आहे आणि १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली आहे. जायची आणि यायची मिळून २०० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ३.४ ओहम. त्यातून ८ अँपिअर गेले तर :

तारेतच गेलेलं विभवांतर = ८ × ३.४ = सुमारे २७ व्होल्ट
तारेत झालेली उष्णता = ८ × ८ × ३.४ = सुमारे २१८ वॅट

म्हणजे २१८ वॅटची शेगडी आपण वायरमध्येच पेटवली. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध सुमारे १.४ ओहम होतो आणि ११ व्होल्टच जातात. वायर घेताना वाचवलेले पैसे कुठे जातात, हे सातवी-आठवीचं पोरगं बापाला मांडून दाखवू शकतं. आणि थ्री फेज लाईट आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, तेव्हा त्या एकाच तारेत किती धारा जात असेल? हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या.

पाठ घेताना

१) तीन तासिका पुरतात. पहिलीत सूत्रं आणि सेलचा प्रयोग, दुसरीत रॉड आणि बल्ब, तिसरीत मोटार आणि वायर.

२) शक्यतो दिवाळीआधी घ्या. ऊसतोडीला जाणारी मुलं नंतर वर्गात नसतात, आणि मोटारीच्या गप्पा त्यांनाच जास्त माहीत असतात.

३) २३० व्होल्टवर मुलांकडून कोणतंही मोजमाप करून घेऊ नका. पालकांनीही घरी करू देऊ नये. रॉड पाण्यात असताना बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हे दर वेळी सांगा.

४) मोटार घुमत असेल तर मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनी लगेच स्टार्टर बंद करायचा. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीवर लिहिलेल्या अँपिअरप्रमाणे लावला आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं.

सरावासाठी

१) मोबाईल चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं आहे. तो जास्तीत जास्त किती शक्ती देतो? (१० वॅट)

२) एका इस्त्रीतून २३० व्होल्टला ३ अँपिअर धारा जाते. रोध आणि शक्ती काढा. (सुमारे ७६.७ ओहम, ६९० वॅट)

३) ९ वॅटचा एलईडी रोज १० तास लावला तर ३० दिवसांत किती युनिट? (२.७ युनिट)

४) ५२.९ ओहमच्या रॉडला २०० व्होल्ट मिळाले तर शक्ती किती? (सुमारे ७५६ वॅट)

५) घरातल्या पाच वस्तूंवरचे वॅट लिहून आणा. डीम लाईटवर कोणती वस्तू रॉडसारखी वागेल आणि कोणती मोटारीसारखी, ते कारणासह सांगा.

पाचव्या प्रश्नाचं एकच ठरलेलं उत्तर नाही, पण मी आता सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देते. सूत्रात आकडे घालणं मुलांना येतंच. हे सूत्र इथे चालेल का, असं विचारायची सवय लागली तर पाठ झाला असं समजायचं. आणि एखादं मूल आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारत असेल तर त्याला "उद्या सांगते" म्हणायला लाजू नका. फक्त उद्या नक्की सांगा.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय विचारलं ते जरूर कळवा.